कॅराव्हॅन ओढण्यासाठी मोटारगाडीची निवड

कॅराव्हॅन म्हणजे मोटारगाडीच्या मागे जोडून नेण्याचे, स्वतःचे इंजिन नसलेले, चाकांवरचे छोटे घर होय. त्यात झोपण्याची व स्वयंपाकाची आणि बहुधा शौचालयाचीही सोय असते. असे घर ओढण्यास कोणती मोटारगाडी योग्य, हा प्रश्न प्रथमदर्शनी इंजिनाच्या ताकदीचा वाटतो. प्रत्यक्षात तो मुख्यतः वजनांचा प्रश्न आहे. आणि केवळ वजन किती यापेक्षा ते कोठे ठेवले आहे, याला त्यात अधिक महत्त्व आहे. गाडी व कॅराव्हॅन यांची जोडी विजोड असेल तर वेगात असताना मागचे घर पुढच्या गाडीला हलवू लागते आणि दोन्ही वाहने रस्त्यावर उलटतात. म्हणून ही निवड सोयीची नसून सुरक्षिततेची बाब मानली जाते. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने ब्रिटनमधील नियम व प्रघात विचारात घेतले आहेत, कारण मोटारीमागे कॅराव्हॅन जोडून सहलीस जाण्याची प्रथा तेथे शंभर वर्षांहून अधिक काळ रुजलेली आहे आणि तेथील परिभाषाही बरीचशी स्थिर झालेली आहे.

शब्द व पूर्वपीठिका

'कॅराव्हॅन' हा शब्द मूळ फारसी 'कारवान' यावरून आला. वाळवंटातून एकत्र जाणाऱ्या व्यापाऱ्यांचा तांडा, हा त्याचा मूळ अर्थ. मराठी वाचकाला 'कारवाँ' या रूपात तो हिंदी-उर्दू गीतांमुळे परिचित आहे. युरोपात गेल्यावर या शब्दाचा अर्थ आक्रसत गेला आणि संपूर्ण तांड्याऐवजी त्यातील एक राहती गाडी एवढाच अर्थ इंग्रजीत उरला.

केवळ हौसेखातर बांधलेली पहिली प्रसिद्ध कॅराव्हॅन घोड्यांची होती. आरमारातून निवृत्त झालेले शल्यवैद्य आणि मुलांसाठी साहसकथा लिहिणारे लेखक विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ मध्ये ब्रिस्टल वॅगन वर्क्स या कारखान्याकडून 'द वाँडरर' नावाची गाडी बांधून घेतली आणि तीतून इंग्लंड-स्कॉटलंडचा प्रवास केला. १९०७ मध्ये ब्रिटनमध्ये कॅराव्हॅन क्लबची स्थापना झाली. ही संस्था आज कॅराव्हॅन अँड मोटरहोम क्लब या नावाने ओळखली जाते. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ च्या सुमारास, बर्मिंगहॅम येथील एक्लेस या कंपनीने मोटारीने ओढावयाच्या कॅराव्हॅन बनवून विकण्यास आरंभ केला. घोड्याची जागा मोटारीने घेतली आणि 'कोणती मोटार?' हा प्रश्न तेव्हापासून निर्माण झाला.

भारतात 'कॅराव्हॅन' हा शब्द बहुधा निराळ्या अर्थाने वापरला जातो. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले. पण त्या संदर्भात आपल्याकडे दिसणाऱ्या गाड्या बहुतांशी स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या, म्हणजे ज्यांना ब्रिटनमध्ये 'मोटरहोम' म्हणतात त्या प्रकारच्या असतात. पुढील विवेचन ओढून न्यावयाच्या कॅराव्हॅनसंबंधी आहे, हे लक्षात ठेवावे.

वजनांची परिभाषा

या विषयातील बहुतेक घोटाळे एकाच गाडीची चार-पाच निरनिराळी वजने सांगितली जातात म्हणून होतात. त्यामुळे आधी संज्ञा स्पष्ट करून घेणे इष्ट.

मोटारगाडीचे 'कर्बवेट' म्हणजे ती चालू स्थितीत, इंधन व तेल-पाण्यासह, परंतु सामान व प्रवासी यांच्याविना उभी असतानाचे वजन. येथे एक बारीक भेद आहे. ब्रिटिश नियमांतील व्याख्येत चालक धरलेला नसतो. युरोपीय पद्धतीच्या 'चालू स्थितीतील वस्तुमान' या आकड्यात मात्र चालकासाठी ७५ किलोग्रॅम आणि ९० टक्के भरलेली इंधनटाकी गृहीत धरलेली असते. माहितीपत्रकातील आकडा या दोहोंपैकी कोणता, हे पाहिल्याशिवाय दोन गाड्यांची तुलना करू नये.

गाडीचे 'कमाल एकूण वजन' म्हणजे माणसे व सामान धरून उत्पादकाने घालून दिलेली वरची मर्यादा. 'जोडीचे कमाल वजन' म्हणजे भरलेली गाडी आणि भरलेला ट्रेलर या दोहोंची मिळून मर्यादा. इंग्रजीतील तिचे नाव 'ग्रॉस ट्रेन वेट' असे आहे. याखेरीज गाडीच्या पुढच्या व मागच्या आसावर किती भार पडू द्यावा, याच्याही स्वतंत्र मर्यादा असतात. ही चारही वजने गाडीच्या दाराच्या चौकटीवर किंवा इंजिनाच्या कप्प्यात बसवलेल्या उत्पादकाच्या पट्टीवर कोरलेली असतात. क्रम नेहमीचा असतो: प्रथम गाडीचे कमाल वजन, मग जोडीचे, त्यानंतर पुढचा आस आणि शेवटी मागचा आस. जोडीच्या वजनाची जागा त्या पट्टीवर रिकामी असेल किंवा तो आकडाच नसेल, तर ती गाडी उत्पादकाने ओढकामासाठी मान्य केलेली नाही असे समजावे. इंजिन कितीही दणकट असले तरी अशा वेळी विषय तेथेच संपतो.

कॅराव्हॅनच्या बाजूने दोन आकडे महत्त्वाचे आहेत. कारखान्यातून निघताना तिचे जे वजन असते त्याला 'मिरो' म्हणतात. सामान भरल्यावर तिचे वजन जास्तीत जास्त किती होऊ द्यावे, त्या मर्यादेला 'एमटीपीएलएम' असे लांबलचक संक्षिप्त नाव आहे. या दोहोंतील फरक म्हणजे सामानासाठी मिळणारी मुभा. ही मुभा नवख्या माणसाला वाटते त्यापेक्षा फार थोडी असते. मिरो १,२५० व एमटीपीएलएम १,४०० असेल, तर हाती १५० किलोग्रॅम उरतात. त्यात बॅटरी वीस-पंचवीस किलोची. कॅराव्हॅन हाताने न ढकलता जागेवर फिरवण्यासाठी बसवलेले विजेचे यंत्र तिसाच्या पुढचे. बाहेर उभारायचा कापडी मंडप वीसच्या आसपासचा. आणि पिण्याच्या पाण्याची चाळीस लिटरची टाकी भरून निघाले तर तेवढेच चाळीस किलो. भांडीकुंडी, कपडे आणि मुलांच्या सायकली अजून यायच्याच आहेत. म्हणूनच जाणकार लोक पाण्याची टाकी रिकामी ठेवून निघतात व मुक्कामी पोहोचल्यावर भरतात.

८५ टक्क्यांचा संकेत

भरलेल्या कॅराव्हॅनचे वजन ओढणाऱ्या गाडीच्या कर्बवेटच्या ८५ टक्क्यांपेक्षा अधिक असू नये, असा सल्ला ब्रिटनमधील क्लब व व्यवसायाच्या संघटना देत आल्या आहेत. अनुभवी चालकाने फार तर शंभर टक्क्यांपर्यंत जावे, पण मागचे वाहन पुढच्याहून जड कधीही असू नये, अशी पुस्ती त्यास जोडलेली असते. हा कायदा नव्हे. कायद्याला गाडीच्या पट्टीवरील मर्यादा आणि उत्पादकाने दिलेली ओढण्याची कमाल मर्यादा यांच्याशी कर्तव्य असते. ८५ टक्के हा अनुभवातून बसलेला संकेत आहे.

त्यामागील विचार साधा आहे. रस्त्यावर आडवा वारा आला किंवा शेजारून मोठा ट्रक गेला की कॅराव्हॅन बाजूला रेटली जाते. तो रेटा जोडाच्या ठिकाणी गाडीच्या शेपटीला बसतो. गाडी पुरेशी जड असेल तर ती तो रेटा पचवते. हलकी असेल तर कॅराव्हॅन चालकाची भूमिका घेते. तरीही हा आकडा पाळला म्हणजे सर्व काही साधले, असे समजणे चूक ठरेल. बाथ विद्यापीठात गाडी व कॅराव्हॅन यांच्या स्थैर्यावर झालेल्या प्रयोगांत कॅराव्हॅनमधील वजनाची मांडणी, जोडावर पडणारा भार आणि आसाची जागा यांचा प्रभाव फार मोठा असल्याचे दिसून आले. सत्तर टक्क्यांची पण मागच्या टोकाला सामान ठासलेली कॅराव्हॅन ही नव्वद टक्क्यांच्या नीट भरलेल्या कॅराव्हॅनपेक्षा अधिक धोकादायक असू शकते.

जोडावरचा भार

कॅराव्हॅनचा पुढचा दांडा ज्या गोलकावर टेकतो, त्यावर खाली पडणाऱ्या भाराला इंग्रजीत 'नाकावरचे वजन' अशा अर्थाचा शब्द आहे. ही कल्पना मराठी शेतकऱ्याला शिकवावी लागणार नाही. बैलगाडीत ओझे मागे जास्त झाले की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. ओझे पुढे जास्त झाले तर त्यांच्या मानेवर जू रुतते. गाडी भरणारा जाणता गडी म्हणूनच जुवावर थोडासा, बेताचा भार राहील अशी पोती रचतो. कॅराव्हॅनचे गणित नेमके हेच आहे, फरक एवढाच की येथे 'बेताचा' म्हणजे किती ते आकड्यांत सांगितलेले आहे.

ब्रिटन व युरोपात हा भार कॅराव्हॅनच्या प्रत्यक्ष भरलेल्या वजनाच्या ५ ते ७ टक्के असावा असे मानतात. अमेरिकेत १० ते १५ टक्के भार सांगितला जातो. तेथील ओढगाड्या व ट्रेलर यांची घडणच निराळी असल्याने दोन देशांतील सल्ले एकमेकांत मिसळू नयेत. १,४०० किलोग्रॅमच्या कॅराव्हॅनसाठी युरोपीय हिशेबाने ७० ते ९८ किलोग्रॅम भार हवा. आता अनेक मध्यम आकाराच्या गाड्यांची जोडावरील मर्यादा केवळ ७५ किलोग्रॅम असते. म्हणजे ओढण्याची ताकद १,६०० किलोची असूनही १,४०० किलोची कॅराव्हॅन त्या गाडीला जेमतेमच जमते. खरेदीच्या वेळी बहुतेकांचे लक्ष ओढण्याच्या मोठ्या आकड्याकडे असते आणि जोडभाराचा छोटा आकडा नजरेतून सुटतो. गाडी, तिला बसवलेला जोडदांडा आणि कॅराव्हॅनची कडी या तिघांच्या मर्यादा वेगवेगळ्या असल्यास त्यांतील सर्वांत कमी आकडा प्रमाण मानावा लागतो.

हा भार गाडीच्या सामानात धरला जातो, ही गोष्टही विसरली जाते. शिवाय तो मागच्या आसाच्याही मागे पडत असल्याने तरफेचा नियम लागू होतो. पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर २.७ मीटर आणि जोडाचा गोलक मागच्या आसापासून १ मीटर मागे असेल, तर ९० किलोग्रॅमच्या जोडभारामुळे मागच्या आसावर सुमारे १२३ किलोग्रॅम वाढतात आणि पुढच्या आसावरचे सुमारे ३३ किलोग्रॅम कमी होतात. पुढची चाके हलकी झाली की सुकाणूची पकड सैल होते आणि रात्री दिव्यांचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. यावरून कोणती गाडी बरी, याचे दोन निकष आपोआप मिळतात. चाकांतील अंतर लांब असावे आणि मागच्या चाकांपासून शेपटी आखूड असावी. स्टेशन वॅगन प्रकारच्या, ज्यांना ब्रिटनमध्ये 'इस्टेट' म्हणतात त्या गाड्या उंच व आखूड गाड्यांपेक्षा कित्येकदा अधिक स्थिर ठरतात, त्याचे कारण हेच. उंच गाडी दिसायला बलदंड असते. पण दिसण्यावर येथे काही अवलंबून नाही. मागील स्प्रिंग मऊ असून गाडी सामानाने बसत असेल, तर स्वतःहून पातळी राखणारे सस्पेन्शन असलेली आवृत्ती शोधणे श्रेयस्कर.

नागमोडी झोकांडी

कॅराव्हॅनचालकांना ज्याचे सर्वाधिक भय वाटते तो प्रकार म्हणजे 'स्नेकिंग', अर्थात नागमोडी झोकांडी. एखाद्या धक्क्याने कॅराव्हॅन डावी-उजवीकडे झुलू लागते. ठरावीक वेगाच्या खाली हे झोके आपोआप विरतात. त्या वेगाच्या वर गेल्यावर प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होतो. हा उंबरठा प्रत्येक जोडीचा वेगळा असतो. जड सामान कॅराव्हॅनच्या दोन्ही टोकांना ठेवले तर तो खाली येतो, आसाच्या जवळ व जमिनीलगत ठेवले तर वर जातो. उतारावर धोका अधिक, कारण तेथे वेग नकळत वाढतो आणि कॅराव्हॅन गाडीला मागून ढकलत असते.

झोकांडी सुरू झाल्यास प्रवेगकावरून पाय काढून सुकाणू सरळ धरणे आणि वेग आपोआप उतरू देणे, हाच उपाय सांगितला जातो. जोरात ब्रेक लावू नये, झोक्याच्या उलट दिशेला सुकाणू फिरवत बसू नये. आणि वेग वाढवून कॅराव्हॅनला 'सरळ खेचण्याचा' जो सल्ला कधी कधी ऐकू येतो, तो तर मुळीच मानू नये.

यावर दोन प्रकारची साधने निघाली आहेत. घर्षणावर चालणाऱ्या कडीत गोलकाला दोन्ही बाजूंनी पकडणारे खास पट्टे असतात व ते झोके शोषून घेतात. अशा कडीसाठी गोलक ग्रीस न लावता स्वच्छ व कोरडा ठेवावा लागतो. दुसरा प्रकार इलेक्ट्रॉनिक. कॅराव्हॅनमधील यंत्रणा झोका ओळखून कॅराव्हॅनचे ब्रेक क्षणभर लावते, तर गाडीमधील यंत्रणा गाडीची निवडक चाके रोखते. गाडी निवडताना तिच्या स्थैर्य-यंत्रणेत ट्रेलरसाठीचा भाग आहे काय, हे पाहणे योग्य. कित्येक गाड्यांत तो उत्पादकाचा जोडदांडा व विद्युतजोडणी बसवल्यावरच कार्यरत होतो. बाहेरून स्वस्तात दांडा बसवून घेतला तर गाडीला मागे काही जोडले आहे याचा पत्ताच लागत नाही. विजोड जोडीला ही यंत्रे सुजोड करीत नाहीत, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे.

इंजिन, गिअर आणि चढ

गाडीच्या जाहिरातीत अश्वशक्तीचा आकडा ठळक असतो. ओढकामात त्यापेक्षा कमी फेऱ्यांवर मिळणारा पीळ, म्हणजे टॉर्क, उपयोगी पडतो. डिझेल इंजिनाला ब्रिटनमधील कॅराव्हॅनवाले दीर्घकाळ पसंती देत आले ती याच गुणामुळे. टर्बोचार्जर असलेल्या अलीकडच्या पेट्रोल इंजिनांनी हे अंतर बरेच कमी केले आहे, मात्र ओढताना त्यांची इंधनाची भूक झपाट्याने वाढते.

सपाट महामार्गावर खरा विरोधक हवा असतो. कॅराव्हॅनचा दर्शनी भाग गाडीच्या कितीतरी पट मोठा व बराच चपटा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे आणि तो तोडण्यास लागणारी शक्ती घनाप्रमाणे वाढते. ताशी ८० किलोमीटरवरून ९६ वर जाताना वेग एक पंचमांशाने वाढतो, पण विरोध ४४ टक्क्यांनी आणि लागणारी शक्ती सुमारे ७३ टक्क्यांनी वाढते. थोडा दम धरून चालवणाऱ्याला इंधनात किती बचत होते, ते यावरून कळावे.

चढावर हवा गौण ठरते आणि गुरुत्वाकर्षण पुढे येते. गाडी व कॅराव्हॅन मिळून ३,२०० किलोग्रॅम असतील तर १२ टक्के चढावर केवळ जागेवर टिकून राहण्यासाठी सुमारे ३,७७० न्यूटन बल लागते. १,८०० किलोग्रॅमच्या एकट्या गाडीला तेथे २,१२० पुरते. ही १२ टक्क्यांची निवड सहजच केलेली नाही. उत्पादक ओढण्याची मर्यादा ठरवताना पूर्ण भरलेली जोडी एवढ्या चढावर थांबून पुन्हा निघू शकते की नाही, याची चाचणी घेतात. मात्र इंग्लंडमधील सर्व रस्ते १२ टक्क्यांत बसत नाहीत. यॉर्कशरमधील सटन बँक या चढावर, जेथे चार फूट पुढे जाताना एक फूट वर चढावे लागते, कॅराव्हॅनना बंदीच आहे. पर्वतांत आणखी एक अडचण येते: टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती दर हजार मीटर उंचीमागे सुमारे दहा टक्क्यांनी घटते. आल्प्समध्ये जाऊ इच्छिणाऱ्याने हे जमेस धरावे.

गिअरबॉक्सविषयी मते बदलली आहेत. जुन्या पिढीतील चालक हातगिअरचे कट्टर पुरस्कर्ते होते. वास्तविक कॅराव्हॅन मागे घेताना, तेही चढावर, हातगिअरचा क्लच सतत अर्धवट दाबून धरावा लागतो व तो जळण्याची शक्यता असते. तेल-संक्रामक असलेली पारंपरिक स्वयंचलित पेटी हे काम शांतपणे करते. दुहेरी क्लचच्या स्वयंचलित पेट्या सगळ्या सारख्या नसतात. त्यांतील कोरड्या क्लचच्या पेट्या जड ओढकामास कमी अनुकूल.

चारही चाकांना शक्ती मिळणारी गाडी हवीच काय? डांबरी रस्त्यावर तिची निकड नसते. परंतु ब्रिटनमधील अनेक मुक्कामाच्या जागा म्हणजे गवताळ कुरणे, आणि तेथील पाऊस सर्वश्रुत आहे. ओल्या गवतावरून निघताना जोडभारामुळे हलकी झालेली पुढची चाके जागच्या जागी फिरू लागतात, म्हणजे पुढच्या चाकांवर चालणारी गाडी नेमकी अडते. वर्षातून दोनदा आणि तेही उन्हाळ्यात जाणाऱ्याने यासाठी फार पैसे मोजण्याचे कारण नाही.

विजेवर चालणाऱ्या गाड्या

विजेच्या मोटारीचा पीळ पहिल्या फेरीपासून पूर्ण मिळतो आणि बॅटरीमुळे ती जडही असते. ओढणाऱ्या गाडीकडून जे दोन गुण हवे ते तिच्यात जन्मजात आहेत. तरीही आरंभीच्या बहुतेक विजेच्या गाड्यांना ओढकामाची मान्यता नव्हती. निसान लीफ हे त्याचे परिचित उदाहरण. पुढे चित्र बदलले. टेस्ला मॉडेल वाय १,६०० किलोग्रॅमपर्यंत, तर बीएमडब्ल्यू आयएक्स व किआ ईव्ही९ यांच्या काही आवृत्त्या २,५०० किलोग्रॅमपर्यंत ओढू शकतात. येथे ८५ टक्क्यांचा संकेत काहीसा निरुपयोगी ठरतो: दोन टनांच्या मॉडेल वायला त्या हिशेबाने १,७०० किलो चालावेत, पण उत्पादकाची मर्यादा त्याच्या आधीच लागते. अशा वेळी अर्थातच उत्पादकाचा आकडा प्रमाण.

अडचण आहे ती पल्ल्याची. कॅराव्हॅन जोडल्यावर एका भरणीत मिळणारे अंतर साधारणतः निम्म्यावर येते. ४०० किलोमीटरची गाडी दोनशेच्या आसपास थांबते. शिवाय भरणी केंद्रांतील बहुसंख्य जागा एकट्या गाडीच्या मापाच्या आहेत. तेथे कॅराव्हॅन सोडून, कुठेतरी बाजूला उभी करून, गाडी भरून पुन्हा जोडावी लागते. दिवसाला दीडशे किलोमीटर जाऊन मुक्काम करणाऱ्यास याचा त्रास नाही. स्कॉटलंडच्या उत्तर टोकापर्यंत एका दमात जाणाऱ्याने मात्र विचार करावा.

कायद्याच्या मर्यादा

१ जानेवारी १९९७ नंतर मोटार चालवण्याची परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना ब्रिटनमध्ये पूर्वी जड ट्रेलरसाठी स्वतंत्र परीक्षा द्यावी लागे. इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्समध्ये १६ डिसेंबर २०२१ पासून ही अट रद्द झाली व साध्या परवान्यावर ३,५०० किलोग्रॅमपर्यंतचा ट्रेलर ओढता येऊ लागला. ही सवलत सोयीची खरी, पण त्यामुळे कोणतेही प्रशिक्षण न घेता दीड टनाचे घर मागे जोडून रस्त्यावर येणे शक्य झाले आहे. परवाना मोठ्या वजनाला मुभा देतो म्हणून गाडीची मर्यादा वाढत नाही. युरोपीय संघात साध्या परवान्यावर जड ट्रेलर जोडल्यास जोडीचे वजन ३,५०० किलोग्रॅमच्या आत ठेवावे लागते. बी-९६ ही शेराबंद मुभा घेतल्यास ते ४,२५० पर्यंत नेता येते.

साधारण आकाराच्या गाडीने ओढायच्या कॅराव्हॅनची रुंदी २.५५ मीटर व लांबी, दांडा सोडून, ७ मीटर यांहून अधिक असू नये. वेगमर्यादा एकेरी रस्त्यावर ताशी ५० मैल आणि दुभाजक असलेल्या रस्त्यावर व महामार्गावर ६० मैल, म्हणजे अनुक्रमे सुमारे ८० व ९६ किलोमीटर. तीन वा अधिक मार्गिका असलेल्या महामार्गावर सर्वांत उजवीकडील मार्गिका कॅराव्हॅनला वर्ज्य आहे. कॅराव्हॅन गाडीपेक्षा रुंद असल्यास बाहेर काढता येणारे जादा आरसे लावावे लागतात. न लावल्यास १,००० पौंडांपर्यंत दंड आणि परवान्यावर ३ दोषांक होऊ शकतात. जर्मनीत कॅराव्हॅनची सर्वसाधारण मर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे. वजनांचे प्रमाण, टायर इत्यादी अटी पूर्ण केल्यास १०० किलोमीटरची खास मुभा मिळते.

वजनाची मर्यादा ओलांडल्याचे आढळल्यास पोलीस जोडी पुढे जाऊ देत नाहीत, खटला भरला जातो. अपघात झाल्यास विमा कंपनी भरपाई नाकारण्याचा मार्ग तेथे शोधते, आणि तो तिला सहज सापडतो.

एक हिशेब

समजा, एका कुटुंबाने १,४०० किलोग्रॅम एमटीपीएलएमची कॅराव्हॅन पसंत केली आहे. ८५ टक्क्यांच्या संकेताने गाडीचे कर्बवेट किमान १,६४७ किलोग्रॅम हवे. त्यांना १,६५० किलोग्रॅमची एक गाडी मिळते. तिची ओढण्याची मर्यादा १,६०० आहे, जोडभाराची ९०. येथवर सर्व जमले. आता पट्टीवर गाडीचे कमाल वजन २,१५० आणि जोडीचे कमाल वजन ३,४०० असे आकडे आहेत. गाडी पूर्ण भरली तर कॅराव्हॅनसाठी १,२५० किलोच उरतात. कॅराव्हॅन १,४०० ची नेायची तर गाडीचे वजन २,००० च्या पुढे जाता कामा नये. म्हणजे माणसे, सामान आणि जोडभार मिळून ३५० किलो. जोडभाराचे ८५ वजा केले की २६५ उरतात. दोन मोठी माणसे व दोन वाढत्या वयाची मुले यांचेच वजन अडीचशेच्या घरात जाते. कुत्रा घरी ठेवावा लागेल. जोडीचे कमाल वजन ३,६५० असलेली त्याच गाडीची दुसरी आवृत्ती घेतली तर मात्र पूर्ण भरलेल्या गाडीमागेही १,५०० किलो चालतात. एकाच नावाच्या गाडीच्या इंजिन व गिअर यांनुसार बदलणाऱ्या आवृत्त्यांत असा फरक नेहमी आढळतो, म्हणून 'अमुक गाडी चांगली ओढते' हे ऐकीव विधान पुरेसे नसते.

जुनी गाडी घेताना

जोडदांडा आधीपासून बसवलेला असेल तर तो मान्यताप्राप्त प्रकारचा आहे का ते पाहावे. १ ऑगस्ट १९९८ पासून नोंदल्या गेलेल्या गाड्यांना ब्रिटनमध्ये तशी अट आहे. दिव्यांच्या जोडणीची खोबण १३ खिळ्यांची असावी. जुन्या गाड्यांवर ७ खिळ्यांची असते आणि तिला नव्या कॅराव्हॅनसाठी जोडखोबण लागते. पूर्वीच्या मालकाने खूप ओढकाम केले असल्यास क्लच, मागील स्प्रिंग, गिअरपेटीचे तेल आणि इंजिन थंड ठेवण्याची व्यवस्था तपासून घ्यावी. गोलक एका बाजूने चकाकत झिजलेला असेल, तर ती गाडी फारशी विश्रांतीत नव्हती.

अंतिम परीक्षा वजनकाट्यावर होते. सहलीला निघताना जसे भरू तसेच सर्व भरून, माणसांसह, प्रथम जोडी व मग कॅराव्हॅन सोडून एकटी गाडी काट्यावर घालावी. मागच्या आसाचे वजन निराळे घ्यावे. जोडभार मोजण्यासाठी स्वस्तातील मापक मिळतो; तो नसल्यास कॅराव्हॅनच्या कडीखाली लाकडाचा योग्य उंचीचा तुकडा ठेवून तो घरातील वजनकाट्यावर टेकवला तरी काम भागते. कॅराव्हॅन त्या वेळी सपाट जागी, चाकांना अडणी लावून उभी असावी.